रविवारी उतरलेला मांडव

नोकरी सोडून मी कर्जतला घरी आले तेव्हा भिसेगावातल्या आमच्या आळीत दोनच तर्क होते. एक, मला काढून टाकलं असणार. दोन, माझं लग्न ठरलं असणार. तिसरं काही असू शकतं हे कोणाच्या गावीही नव्हतं.

आठ वर्षं मी नवी मुंबईतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत होते. कोणासाठी, ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा विमा कंपनीतली माणसं माझी बटणं दाबत होती म्हणे. मला बटण दाबणाऱ्या माणसाचं तोंड बघायचं होतं. म्हणून ठरवलं की घरी राहायचं, आपल्याच भागातल्या छोट्या धंद्यांसाठी सॉफ्टवेअर करायचं आणि जे करू ते मराठीत ब्लॉगवर लिहायचं. ब्लॉग वाचून गिऱ्हाइकं येतात, असं माझ्याच जातकुळीच्या लोकांनी आपापल्या ब्लॉगवर लिहून ठेवलं होतं. माझ्या ब्लॉगवर आले तेही माझ्याच जातकुळीचे. कोणी साताऱ्यात बसून दवाखान्याचं सॉफ्टवेअर करत होता, कोणी परभणीत शिकवण्यांचं. आम्ही एकमेकांना भरपूर शाबासकी द्यायचो. गिऱ्हाईक मात्र एकही नाही.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते आईमुळे. तिच्या भिशीतल्या एक काकू मंडप डेकोरेटर होत्या. पाइप, बांबू, कापड, खुर्च्या, सतरंज्या असं सगळं सामान त्यांच्या गोदामात होतं, आणि कशेळ्यापासून खालापूरपर्यंत लग्न असो, बारसं असो, दुकानाचं उद्घाटन असो, मांडव त्यांचा. नवरा गेल्यावर हा धंदा त्यांनी एकटीने उभा ठेवला होता. सगळा कारभार भिंतीवरच्या एका कॅलेंडरवर चाले. घालायचा मांडव निळ्या पेनने, उतरवायचा लाल. सकाळी सहाला उठून काकू त्या कॅलेंडरसमोर उभ्या राहायच्या आणि एकेका कामगाराला फोन करून कुठे जायचं ते सांगायच्या.

मी गेले तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "आगं, मांडवाचं सॉफ्टवेअर करायच्या आधी सोताचा मांडव बुक कर की."

मी म्हटलं, "तुमच्या सॉफ्टवेअरमधूनच करीन."

त्या हसल्या, आणि काम मला मिळालं. तीन महिने मी त्यांच्या गोदामात सतरंज्यांच्या चळतीवर बसून ते लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी बटणं कोण दाबतं ते दिसत होतं. काकू तर्जनीने, फार जोरात दाबायच्या. बुकिंग टाकलं की पुढचं सगळं आपोआप. रोज सकाळी सहाला कामगारांच्या ग्रुपवर मेसेज जायचा: आज कुठे घालायचा, कुठे उतरवायचा. त्या मेसेजचा मला फार गर्व होता. "काकू, आता तुम्हाला रोज तोंडाची वाफ दवडायला नको," असं म्हणून मी त्यांचं कॅलेंडर भिंतीवरून स्वतःच्या हाताने उतरवलं. वर त्यावर ब्लॉगही लिहिला. तो माझा तोवरचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख. माझ्यासारख्यांनी वाहवा केली आणि मी हवेत गेले.

बाबा मात्र जमिनीवर होते. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, त्यांना महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या गोष्टींवर विश्वास. मी काय करते असं कोणी विचारलं की ते खाली बघून म्हणायचे, "घरूनच असतं तिचं." मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची. एका गिऱ्हाइकावर घर चालत नाही हे मलाही कळत होतं. मे महिन्यात जुन्या साहेबांचा फोन आला. माझी जागा पुन्हा रिकामी झाली होती. सोमवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांग, म्हणाले. तो बुधवार होता. मी मनातल्या मनात नाही म्हणून ठेवलं आणि बाबांना काही सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी सर्व्हर बदलला. सर्व्हर म्हणजे आमचं सॉफ्टवेअर ज्या दूरच्या कॉम्प्युटरवर चालतं तो. दुसरीकडे कमी भाड्यात मिळत होता, म्हणून सगळं सामान तिकडे हलवलं. शुक्रवारी दुपारी असल्या गोष्टींना हात लावू नये हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी लावला. तासाभरात सगळं सुरळीत चालू झालं म्हणून स्वतःवरच खूश होऊन आईस्क्रीम खाल्लं.

नव्या सर्व्हरचं घड्याळ इंग्लंडच्या ग्रीनिच वेळेवर होतं. ते बदलायला मी विसरले. आपल्याकडे तारीख बदलते तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, साडेपाच तासांचा फरक. त्यामुळे माझ्या सॉफ्टवेअरच्या लेखी काकूंचं प्रत्येक काम एक दिवस अलीकडे सरकलं. मेसेज सुटायची सहाची वेळ मी भारतीय वेळेत बांधून दिली होती, ती तेवढी बरोबर राहिली. चौकला एका ढाब्याच्या उद्घाटनाचा मांडव रविवारी घालायचा होता, तो शनिवारीच घातला गेला. लवकर मांडव आला म्हणून कोणी तक्रार करत नाही. ढाबेवाल्याने उलट पोरांना चहा पाजला.

कशेळ्याच्या पलीकडच्या एका गावात रविवारी बौद्ध कुटुंबातलं लग्न होतं. मुहूर्ताची भानगड नाही, सगळ्यांना सुट्टी म्हणून रविवार. मांडव शाळेच्या पटांगणात घातला होता, घरापासून जरा लांब. शनिवारी त्यात हळद झाली. सोमवारी उतरवायचा होता. रविवारी सकाळी सहाला ग्रुपवर मेसेज गेला: आज उतरवायचा.

कामगार टेंपो घेऊन गेले. पटांगणात पत्रावळी पडलेल्या, खुर्च्या विस्कटलेल्या, जमिनीवर हळदीचे डाग. त्यांना वाटलं, झालं लग्न. त्यांनी अगदी मन लावून मांडव सोडला, सतरंज्या झटकून गुंडाळल्या आणि आठच्या आत सगळं भरून निघून गेले. टेंपो भाड्याचा. सामान कर्जतच्या गोदामात टाकून तो पुढच्या भाड्याला खालापूरला गेलासुद्धा.

साडेआठला काकूंचा फोन आला तेव्हा मी पोहे खात होते. त्या चौकला ढाब्याच्या मांडवाला पडदे लावत होत्या. एवढंच म्हणाल्या, "कशेळ्याचा मांडव कुनी उतरवला गं?"

मी लॅपटॉप उघडला आणि मला एका मिनिटात कळलं. घास तसाच तोंडात राहिला. बारा वाजता लग्न होतं.

स्कूटी काढून मी कशेळ्याच्या रस्त्याला लागले. वाटेत आपण काय करणार आहोत याचा मला काही पत्ता नव्हता. पटांगणात पोचले तेव्हा मध्येच टेबलावर मांडलेल्या बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमा आणि त्यांच्यापुढची आदल्या दिवशीची फुलं तेवढी होती. कामगारांनी त्यांना हात लावला नव्हता. बाकी मोकळं मैदान, आणि रणरणतं ऊन. नवरीचे वडील खांबांच्या खड्ड्यांकडे बघत उभे होते. मी त्यांच्याकडे जाऊन म्हणाले, "काका, माझी चूक..." तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं.

"चूक मागनं! आधी सावली करा!"

ते कशेळ्यातले दुसरे मंडपवाले होते. काकूंचे कट्टर प्रतिस्पर्धी. एकमेकांचं नाव निघालं की दोघंही नाक मुरडायचे. काकूंनी चौकवरून पहिला फोन त्यांनाच केला होता आणि ते अर्ध्या तासात स्वतःचं सामान घेऊन हजर झाले होते. मला नंतर कळलं की या धंद्यात असंच चालतं. कोणाचा मांडव चुकला, तुटला, पोचला नाही, तर जो जवळ असेल त्याने आपलं सामान घेऊन यायचं. भाडं घ्यायचं नाही. आणि शेवटची गाठ बांधून होईपर्यंत कोणाची चूक ते विचारायचं नाही.

काकू आल्या तेव्हा मी पाइप धरून उभी होते. मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "आता बोलू नको. नीट धर."

त्या दिवशी मी चौदा पाइप धरले. हाताची कातडी गेली. आठ वर्षं बटणांवर काम करणाऱ्या माणसाला पाइप काय असतो ते त्या दोन तासांत कळलं. कापड केशरी-लाल होतं, आणि पुढे प्रतिमांच्या मागे तरी पांढरंच पाहिजे असं घरच्यांचं म्हणणं. मग नवरीच्या आत्या-मावश्या घरी जाऊन पांढऱ्या साड्या घेऊन आल्या, वंदनेला नेसायच्या, इस्त्रीच्या घड्या घातलेल्या. पाच साड्या टाचण्यांनी जोडून पुढचा पडदा झाला. वऱ्हाड खालापूरहून आलं, त्यांना शाळेच्या व्हरांड्यात सरबतावर बसवून ठेवलं. सव्वाबाराला सगळे उभे राहून त्रिशरण-पंचशील म्हणू लागले. मी मागे एका खांबाला टेकून होते आणि मला रडू आवरत नव्हतं. लग्नात कोणीतरी रडतंच, त्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नाही.

जेवणाच्या पंगती बसल्यावर काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता चल. आमच्यात असं हाय, ज्याचं चुकलं त्यानं सोताच्या तोंडानं घरच्याला सांगायचं."

नवरीचे वडील वाढप्यांवर नजर ठेवून उभे होते. काकूंनीच सुरुवात केली, "दादा, माझं चुकलं." मी म्हटलं, "नाही, माझं." आणि मग त्यांना सगळं सांगितलं. सर्व्हर, शुक्रवार, इंग्लंडचं घड्याळ. आपल्याकडे नवा दिवस लागला तरी तिकडे आदलाच दिवस चालू असतो, हे सुद्धा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी हितं लग्नाचा दिस लागला तरी तिकडं अजून हळदच चालू?"

"तसंच काहीसं."

"मंग बरं हाय की," ते म्हणाले. "तिकडं पोरगी अजून माझ्याच घरात हाय."

ते हसले, आणि हसता हसता खांद्यावरच्या रुमालाने डोळे पुसले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला पंगतीला बसवलं आणि स्वतः वाढलं.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा घड्याळ दुरुस्त केलं. मग ब्लॉगवर सगळं लिहिलं, आईस्क्रीमसकट. कॅलेंडर उतरवल्याची ती फुशारकी पुसून टाकावीशी फार वाटली. नाही पुसली, तिच्याच खाली हा लेख लावला. आमच्यातही हीच रीत आहे, चुकलं तर चारचौघांत सांगायचं म्हणजे दुसरा त्याच खड्ड्यात पडत नाही. दोन्ही धंद्यांची रीत एकच आहे हे मला तेव्हा लिहिता लिहिता उमगलं. साताऱ्याच्या दवाखानेवाल्याचं लगेच उत्तर आलं. त्याच घड्याळापायी त्याने एकदा अख्ख्या तालुक्याच्या बाळांना एक दिवस आधी लसीला बोलावलं होतं.

पण एवढ्याने माझं समाधान होणार नव्हतं. माझ्या हातून एका मुलीचा मांडव उतरला होता. विमा कंपनीत चूक झाली तर चार जण ती तपासायला असतात, इथे मी एकटी. सोमवारी साहेबांना हो म्हणायचं मी ठरवलं, आणि दुपारी काकूंचा सगळा हिशोबबिशोब पेन ड्राइव्हवर घालून गोदामात गेले. कॅलेंडर पुन्हा भिंतीवर होतं. तेच योग्य होतं.

मी पेन ड्राइव्ह पुढे ठेवून म्हटलं, "काकू, मी परत नोकरीवर जाते. तुमचं कॅलेंडर आहेच."

काकूंनी त्या वस्तूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "कॅलेंडर मला सांगतंय. पोरांना कोन सांगनार? मी एका टायमाला चार गावांत असते व्हय?"

"पण पुन्हा चुकलं तर?"

"चुकनारच. माझं काय कमी चुकलंय? एकदा बारशाचा मांडव मी दहाव्याच्या घरी नेला होता." मग म्हणाल्या, "सकाळचा मेसेज आधी माझ्याकडं येऊ दे. मी वाचीन, मंग मी धाडीन. येतंय का तुला करायला?"

"येतं."

"मंग कर. मी चा ठेवते."

मी सतरंज्यांच्या चळतीवर बसले आणि लॅपटॉप उघडला. चहा दोनदा झाला. काम संपत आलं होतं तेव्हा साहेबांचा फोन वाजला. काकू समोर खुर्च्या मोजत होत्या, किंवा मोजायचं नाटक करत होत्या. मी साहेबांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, तर म्हटलं, इथलं काम अर्धवट आहे.

त्याला आता दोन सीझन झाले. पावसाळ्यानंतर कशेळ्याचे मंडपवाले आले. म्हणाले, "त्ये घड्याळाचं आता नीट हाय नं? मंग मलाबी दे." त्यांच्यामागून आणखी आले. एकजण चक्क ब्लॉग वाचून आला. परवा कोणीतरी बाबांना विचारलं, मुलगी काय करते? बाबा वर बघून म्हणाले, "मांडव." विचारणाऱ्याने माझं अभिनंदन केलं.

काकूंच्या कामगारांच्या ग्रुपमध्ये मीही आहे. रोज सकाळी सहा-सव्वासहाला काकू माझा मेसेज वाचतात आणि पुढे धाडतात. पण धाडायच्या आधी त्या खाली स्वतःच्या तर्जनीने एक ओळ लिहितात. रोज नव्याने, एकेक अक्षर दाबून: "मांडवात कोन हाय त्ये बघा, मंगच बांबूला हात लावा."

ती ओळ आपोआप यायची व्यवस्था करणं माझ्यासाठी दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलेलं नाही.