समोरच्या रांगेतली खुर्ची
“त्याले कायले शेला देता? तो कोस्ट गार्डवाला आहे, फौजी नाही,” सत्कार ठेवणाऱ्या मंडळाचे काका माइकमागे कुजबुजले आणि मला ते स्पष्ट ऐकू आलं. तेव्हा मंचावर नुकताच नारळ फुटला होता; तो वास आला की आजही ते वाक्य आठवतं. मोर्शीच्या शाळेचं पटांगण, सव्वीस जानेवारीची बोचरी थंडी आणि सुट्टीवर आलेल्या जवानांच्या सत्कारासाठी समोर मांडलेल्या खुर्च्या. त्यातल्या एकीवर माझा दादा इस्त्रीच्या गणवेशात बसला होता. कापसावर घर चालेना, त्या वर्षांत गावातली पोरं पहाटे भरतीसाठी धावायची; दादा तसाच धावत समुद्रावर पोचला होता. आदल्या दिवशी संत्रं सोलताना मी त्याच्या तळहातावरचे दोराचे वळ पाहिले होते. बंद पडलेली मच्छीमारांची नाव त्याने आणि बोटीवरच्या साथीदारांनी वादळातून ओढून आणली होती. “एवढ्या किनाऱ्याले आमच्याकडं दोन बोटी, त्यातली एक कायम दुरुस्तीत,” तो हसून म्हणाला होता, “मंग एकीवरच डबल पाळी.” आणि आता काका त्याला सांगत होते, “बेटा, जरा मागं बस, फौजी येऊन राहिले.” दादा टोपी उचलून उठला. तिकडे बोटी पुरत नाहीत म्हणून यानेच राबायचं, इकडे खुर्च्या पुरत नाहीत म्हणून यानेच उठायचं! मी चारचौघांत बोलत नसे, अजूनही फारशी बोलत नाही. पण त्या दिवशी जागची उठले, आणि सगळं पटांगण वळून पाहील इतक्या मोठ्याने म्हणाले, “दादा, तू बस तिथेच. काका, उद्या समुद्रावर याच्या जागी तुम्ही जाता का?”