उजवीकडे वळण्यासाठी जासईपर्यंत

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तुर्भ्याजवळ उजवीकडे वळताना माझी मोटरसायकल रस्त्यावर सांडलेल्या खडीच्या बारीक कचेवरून घसरली आणि माझं कॉलरबोन मोडलं. हाड जुळलं, पण उजवीकडे वळणं गेलं ते गेलंच. सरळ जात होते, डावीकडे वळत होते. उजवं वळण आलं की हात ताठ व्हायचे आणि गाडी भलतीकडे जायची. वाशीचे सेक्टर चौकोनी आखलेत म्हणून निभावलं. घरापासून मी शिकवते त्या कॉलेजपर्यंत फक्त डावी वळणं घेत, लांबच्या लांब वळसा घालून मी पोचत असे. विद्यार्थ्यांना वाटायचं, मॅडम येताना भाजी घेऊन येतात.

आणि सल्ले! "वहिनी, आता या वयात पुरे. विकून टाका," असं माझे दीर म्हणाले. ते स्वतः दोनदा पडलेत, एकदा तर उभ्या टेम्पोवर. त्यांना गाडी विकायला कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. मला न विचारता त्यांनी पाठवलेलं एक गिऱ्हाईक गाडी बघूनही गेलं. त्या संध्याकाळी मी ठरवलं, कुठेतरी जाऊन हे वळण परत शिकायचं.

मुंबईचा एक मोटरसायकल क्लब जासईजवळ रविवारी सराव ठेवतो असं एका सहकाऱ्याने सांगितलं होतं. नव्या बंदरासाठी बांधलेला, अजून वाहतुकीला न उघडलेला रस्ता. मध्ये दुभाजक, दोन्ही टोकांना वळसा. समोरून कुणी येत नाही, सगळे एकाच दिशेने फिरतात आणि दोन्ही वळसे उजवे. मला आणखी काय हवं होतं?

रविवारी उजाडताच निघालो. 'निघालो' म्हणजे मी पुढे आणि नवरा, अरविंद, मागे, मांडीवर डबा घेऊन. अरविंदला सायकलखेरीज काही चालवता येत नाही आणि त्याचा त्याला कमीपणाही वाटत नाही. बेलापूरपर्यंत रस्ता सरळ आहे, हिवाळ्यात खाडीवरून गार वारा येतो; जाणार असाल तर स्वेटर घाला. पनवेलला उरणकडे उजवीकडे वळायचं होतं. मी गाडी कडेला घेतली, दोघं उतरलो आणि गाडी ढकलत रस्ता ओलांडला. नाक्यावरचा टपरीवाला म्हणाला, "पेट्रोल संपलं काय, ताई?" मी हो म्हटलं. त्या खोट्याची मला पुढे जासईपर्यंत लाज वाटत राहिली. त्याच्याकडचे वडे मात्र गरम होते, आणि तिथेच खाऊन घ्या, कारण पुढे काही मिळत नाही. गव्हाण फाट्यानंतर डंपरच डंपर. त्यांच्या मागे राहू नका. डोळ्यांत माती जाते.

रस्ता खरंच सुंदर होता. काळाभोर, रुंद, दोन्ही बाजूंना मिठागरं. सावली नावाला नाही, पाणी आपलं आपण न्यावं. पंचवीस-तीस मुलं आपापल्या गाड्यांचे सायलेन्सर काढून आवाज करत होती. हेल्मेटं निम्म्यांच्या डोक्यावर, उरलेल्यांची आरशाला अडकवलेली. क्लबचा सेक्रेटरी सुधीर नावाचा पस्तिशीतला उत्साही माणूस होता. तो धावत आला आणि अरविंदचा हात हातात घेऊन म्हणाला, "या सर, वेलकम! कुठली गाडी चालवता?"

"मी मागे बसतो," अरविंद म्हणाला.

सुधीरने माझ्याकडे, मग गाडीकडे, मग माझ्या शिवून घेतलेल्या जाड पँटकडे पाहिलं. "अरे वा, मॅडम! ग्रेट! मग असं करा ना, शेवटपर्यंत थांबा. बक्षिसं तुमच्या हस्ते देऊ."

मी म्हटलं, मी चालवायला आलेय. चालवणाऱ्यांचे वीस रुपये भरले. त्यात चहा आणि बिस्किटं येतात. शिकाऊंसाठी वेगळी वेळ आहे का, म्हणून विचारलं. "टेन्शन नका घेऊ मॅडम, सगळे एकत्रच मजा करतो." औषधाची पेटी? "लागतच नाय कधी." हे ऐकून खरं तर तिथूनच परत फिरायला हवं होतं. तुम्ही असल्या ठिकाणी गेलात तर हे दोन प्रश्न आधी विचारा आणि उत्तर आवडलं नाही तर लाजू नका, घरी जा.

मी घरी गेले नाही. आधी दोन्ही वळसे पायी बघून यायचे ठरवले. मिठागराकडचा वळसा स्वच्छ होता. जासईकडच्या वळशावर, नेमकी चाकं जिथून जाणार तिथे, बारीक कच पसरलेली होती. पाय ठेवला तर चप्पल सरकली. तिथे बांधावर गवताचा भारा उतरवून एक बाई बसली होती. ती म्हणाली, "रोज डंपर येतान, सांडून जातान. आमची पोरं सायकलवरून पडतान हितं."

परत येऊन सुधीरला सांगितलं. तो हसला. "थोडी कच तो चलता है मॅडम. मुलं सांभाळून घेतात." मागून बॉबी नावाचा एक मुलगा, लाल जॅकेटवाला, ओरडला, "आंटीला प्रॉब्लेम असेल तर आंटीने रस्ता झाडून घ्यावा ना!" सगळे हसले. सुधीरही. एकाने खरोखर कुठून तरी खराटा आणला आणि माझ्यासमोर धरला.

मला काय झालं ते नीट लिहायचा प्रयत्न करते. कानशिलं तापली. मी गाडी सुरू केली, सरळ जासईच्या वळशापर्यंत नेली, रस्त्यात आडवी उभी केली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि शेजारी उभी राहिले. मागून आलेल्या मुलांना थांबावं लागलं. हॉर्न, शिट्ट्या.

"मॅडम, बाजूला व्हा."

"झाडा, मग होते."

"अहो, खराटा तुमच्याकडेच दिला होता ना!"

"मी झाडणार नाही. रस्ता तुमचा, वीस रुपये तुम्ही घेतलेत, तुम्ही झाडा."

अरविंद धापा टाकत पोचला आणि हळूच म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. आपण फक्त एवढंच वळण सोडू." त्या क्षणी मला त्याचाही राग आला. वळण सोडायचंच असतं तर मी वाशीतच बरी होते.

आणि तिथे उभी असताना मनात आलंच: ही कच नसती, तर मी वळले असते का? का या कचेच्या आड मी सुखाने लपलेय? एवढंच कळत होतं की मी भित्री असले तरी कच तिथे होतीच.

बांधावरची बाई उठून रस्त्यावर आली. हात कमरेवर. "एवढे बापये हाव, नि एक खराटा उचलंना तुमच्याना? काय, हातांना मेंदी लावलीय?"

यावर बॉबी सोडून सगळे हसले. सुधीरने खराटेवाल्या मुलाच्या हातून खराटा घेतला. दोघं-तिघं झुडपांच्या फांद्या तोडून आले. अरविंदही वाकला, आणि कमाल म्हणजे पोरांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. "सर, जेंटलमन!" कच मी शोधली, उन्हात मी उभी राहिले, टाळ्या त्याला! त्याने घाम पुसत माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

रस्ता साफ झाला. आता सबब उरली नव्हती.

मी सुधीरला सांगितलं, दहा मिनिटं एकटीला द्या. त्याने दिली, हे कबूल केलं पाहिजे. पहिल्या फेरीत दोन्ही वळशांवर पाय खाली टेकला. दुसऱ्या फेरीत पुन्हा. कुणीतरी शिट्टी मारली. तिसऱ्या फेरीत मी चाकासमोरच्या जागेकडे बघणं सोडलं आणि वळसा जिथे संपतो तिकडे मान वळवून पाहिलं. ब्रेक आधीच, सरळ असताना लावला. गाडी कलली, मी तिच्याबरोबर कलले, आणि पलीकडच्या रस्त्यावर बाहेर पडले. वेग इतका कमी होता की बांधावरची बाई बरोबरीने चालली असती. दहा मिनिटं संपेपर्यंत मी तेवढ्याच वेगाने फिरत राहिले. मग मुलं सुटली आणि मी बाहेर आले. त्या गोंगाटात चालवायची माझी तयारी नव्हती. तयारी असल्याचं दाखवायचीही गरज वाटली नाही.

बक्षिसांना थांबलो नाही. परतीचा रस्ता अवघड वाटला नाही, फक्त ऊन फार होतं. रात्री अरविंद म्हणाला, "तू तिथे उभी होतीस तेव्हा मला तुझी लाज वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटतेय." मी त्याला लगेच माफ केलं नाही.

भीती गेली का? नाही. चौकातल्या रहदारीत मोकळ्या रस्त्यावरचं धैर्य कितपत पुरेल, मला माहीत नाही. रागाच्या भरात आलेला आत्मविश्वास टिकतो का, तेही माहीत नाही. सोमवारी कॉलेजला जाताना मी पहिल्याच चौकात उजवा हात दाखवला, वेग कमी केला आणि वळणावर काही सांडलंय का ते नीट पाहून घेतलं. मागच्या बसने हॉर्न वाजवला, मग पुन्हा, मग दाबूनच धरला.

वाजवू दे. माझं पाहून झाल्यावर मी वळले.