लाँचीच्या भोंग्यावर सोडवलेले पेपर

आता काय आहे, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. कायद्याच्या कॉलेजात पाऊल टाकण्याआधीच मी माझी अब्रू कशी घालवली, ते सांगतो.

मुंबईच्या त्या कॉलेजात प्रवेशासाठी तीन तासांची लेखी परीक्षा असायची. मला अभ्यासाची भीती नव्हती, हाताची होती. अक्षर सुरेख, पण वेग बैलगाडीचा. बी.ए.ला दर पेपरात माझा एक प्रश्न हमखास लिहायचा राहून जायचा. आणि इकडे आत्याने तर वकिलाच्या कोटाचं काळं कापड आणून ट्रंकेत ठेवलंसुद्धा होतं!

पेणचा माझा मित्र वसंता, त्याचीही हीच परीक्षा. त्याचं कार्ड आलं, 'सरावाचे पेपर कधीपासून सोडवायला घ्यावेत?' मी उलट टपाली कळवलं, 'सहा महिने आधी. शेवटच्या महिन्यात सुरू करतात ते हात चोळत बसतात.' उपदेशाची मी तेव्हाही फी घेत नसे.

आमचं घर रेवसला, जेटीला लागून. घरात घड्याळ नव्हतं, आणि हवं होतं कुणाला? भाऊच्या धक्क्याची लाँच नऊला सुटायची, बाराला परत यायची. बरोब्बर तीन तास. सुटतानाचा भोंगा झाला की मी पेपर उघडायचा, परतीचा झाला की पेन खाली.

थोड्याच दिवसांत चमत्कार झाला. सातही प्रश्न पूर्ण, वर ओळी अधोरेखित करायला वेळ! मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

ओटीवर आत्या सुके बोंबील निवडत बसायची. मुंबईला गेलेल्या तिच्या पाट्या लाँचीनं रिकाम्या परत यायच्या, म्हणून तिचा डोळा सारखा खाडीकडे.

"दत्तू, आजबी लाँच न्हाय आली रं. ओहटी हाय, पाणी भरल्याबगर जेटीला लागायची न्हाय ती."

"आत्या, बोलू नकोस. परीक्षा चालू आहे."

"अरं पन ऊन बग कुठं आलं."

"आत्या, परीक्षेत बोललं की बाहेर काढतात."

आत्या बिचारी तोंडाला पदर लावून पुन्हा बोंबील निवडायला लागायची. सहा महिने ती हेच सांगत होती आणि सहा महिने मी तिला गप्प करत होतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुंबईला निघालो, तर लाँच पाऊण तास उशिरा. "ही कधी वेळेवर येते का?" असं जेटीवर सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो. तरी डोक्यात काही शिरलं नाही, बघा.

परीक्षेत मी निवांत. शेजारचे घाम पुसत खरडत होते, मी समास आखत होतो. सहाव्या प्रश्नाला हात घातला आणि घंटा झाली.

मी उभा राहिलो. "सर, घंटा लवकर झाली."

पर्यवेक्षकांनी मनगट पुढे केलं. "दहाला सुरू केलंत. एक वाजला."

"शक्य नाही. मी सहा महिने तीन तास मोजून लिहितोय."

"कशावर मोजून?"

"रेवसच्या लाँचीवर."

त्यांनी चष्मा काढला. "अहो, माझी सासुरवाडी अलिबागची. त्याच लाँचीनं माझं वऱ्हाड गेलं होतं. मुहूर्त टळला." आणि फार मायेनं त्यांनी माझ्या हातून पेपर काढून घेतला.

वसंता पास झाला. तीनच आठवडे सराव केला होता त्यानं, पण वडिलांचं गजराचं घड्याळ समोर ठेवून. माझं वर्ष गेलं. खरं सांगतो, ते काळं कापड पाहवेना. आत्या पुढच्या खेपेला मुंबईहून एक घड्याळ घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. त्या वर्षी मीही पास झालो.

काही वर्षांनी अलिबागच्या कोर्टात माझ्या अशिलाचा खटला उभा राहिला. मारामारीची केस. समोरच्या बाजूचा साक्षीदार म्हणाला, "साहेब, बाराच वाजलं व्हतं. लाँच आली व्हती ना."

माझ्या हाती सोनंच आलं! कोट सारखा करून मी उठलो. "साहेब, रेवसची लाँच आली म्हणजे बारा वाजले, असं कुठला शहाणा माणूस मानेल?"

समोरच्या बाजूचा वकील सावकाश उभा राहिला. तो वसंताच होता.

"माझ्या विद्वान मित्रानं मानलं होतं, साहेब. सलग सहा महिने."