प्रमाणात नसलेला नकाशा

आई गेली तेव्हा मी पुण्याला दोन दिवस उशिरा पोचले. सगळं उरकलेलं होतं. दिवसवार झाले, मी डब्लिनला परतले आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून कामाला बसले. रडू आलं नाही. येईल कधीतरी, असं वाटत होतं.

बाबांना एकटं ठेवायला नको म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी मी त्यांना तीन महिन्यांसाठी माझ्याकडे डब्लिनबाहेरच्या ॲडम्सटाउनला बोलावून घेतलं. ते आले आणि महिना व्हायच्या आत कोरोनामुळे सगळं बंद झालं. आधी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, मग मे महिन्यापासून पाच. परतीची विमानंच नव्हती. दोन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं राहिलो. दोघं फार बोलत नव्हतो.

माझी कंपनी प्रवासाचं ॲप बनवते. त्या वसंतात आमच्याकडे युरोपातल्या एका मोठ्या शहराच्या भुयारी रेल्वेचं काम आलं. लोक गर्दीच्या डब्यात शिरायला घाबरत होते, शक्य तिथे चालत जाऊ म्हणत होते. पण भुयारी रेल्वेचा जो नकाशा सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला असतो त्यावरून चालायचं अंतर कळतच नाही. त्यावर रेषा सरळ, वळणं ठरावीक कोनात, स्टेशनं एकसारख्या अंतरावर. शहराचा मधला भाग फुगवलेला, उपनगरं आखडलेली. माझं काम होतं प्रत्येक स्टेशनचं दार जमिनीवर खरोखर कुठे उघडतं ते तपासून त्याची खरी जागा टाकायची. त्या शहरात मी कधी गेलेले नव्हते.

बाबा भूमी अभिलेख खात्यात आरेखक होते. छत्तीस वर्षं त्यांनी गावांचे नकाशे शाईने काढले. एकदा चहाचा कप घेऊन ते माझ्या मागे उभे राहिले आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले, "हे काय आहे?"

"भुयारी रेल्वेचा नकाशा."

"हा नकाशा नव्हे. उत्तर दिशा कुठे आहे? प्रमाण कुठे आहे? आमच्याकडे बांध सूतभर सरकला तर दोन भाऊ कोर्टात जायचे."

"बाबा, इथे कुणाला बांध नाही घालायचा. गाडी कुठे बदलायची तेवढं कळलं की झालं."

 दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पट्टी मागितली.

मी खऱ्या जागांचा नकाशा छापून दिला, चार कागद चिकटवून. तो त्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरला आणि शेजारी तो रोजचा, सरळ रेषांचा ठेवला. मग सकाळ-संध्याकाळ ते मापं घेत बसायचे. मी माझ्या मीटिंगांमध्ये असायचे. जेवायच्या वेळी कागद गुंडाळून प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ताटांच्या वर ठेवायचे. प्रेस हा इथला शब्द ते माझ्याकडून शिकले होते.

मेमधल्या एका मंगळवारी ते घरात नाहीत हे माझ्या एक वाजता लक्षात आलं. टेबलावर फोन चार्जिंगला लावलेला. बूट नव्हते. मी खाली गेले, तळ्यापर्यंत पाहून आले, बंद शाळेच्या कुंपणापाशी पाहून आले. घाबरायला हवं होतं. मी परत वर येऊन मीटिंग पुढे ढकलली, तीही नीट, कारण देऊन. मग पोलिसांना फोन केला आणि अंगावर काय कपडे होते ते सांगितलं. आवाज माझाच होता, पण शेजारच्या खोलीतून कुणी बोलत असावं तसा वाटला.

अडीच वाजता गार्डाची, म्हणजे इथल्या पोलिसांची, गाडी दाराशी थांबली. मागच्या सीटवर बाबा, नाकावर मास्क, मांडीवर टोपी. सगळ्या खिडक्या उघड्या.

"युवर मॅन इज ग्रँड," तो गार्डा दुरूनच म्हणाला, म्हणजे बाबा ठीक होते. "थोडे दमलेत. स्टेशनबाहेर कठड्यावर बसले होते. मला म्हणाले, स्टेशन चुकीच्या जागी दाखवलंय."

ते क्लोनडॉकिनच्या स्टेशनपर्यंत चालत गेले होते. आमच्या स्टेशनातल्या पाटीवर एका रेघेवर सारखे ठिपके आहेत, त्यात पुढचा ठिपका तो. रुळांच्या कडेने वाट असेल असं त्यांना वाटलं होतं. वाट नव्हती. मग कालव्याच्या काठाने, पूल शोधत, वळसे घेत ते गेले. खिशात खडे होते. शंभर पावलं झाली की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात. एका कागदावर आकडे लिहिलेले, वळणं काढलेली. त्याच कागदाच्या मागे माझा पत्ता होता, म्हणून तर गार्डाला घर सापडलं.

मी चहा ठेवला. ते खुर्चीवर बसून बूट सोडत होते.

"बाबा, सांगून जायचं नाही का?"

"सांगितलं की."

"कधी?"

"दारातून म्हटलं, येतो गं. आतून हं आलं."

मला आठवलं नाही. कानात हेडफोन होते. मीटिंगमध्ये मी कुणाला तरी हं म्हटलं असेल.

"मी म्हणाले असेन," मी म्हटलं.

"हो." त्यांनी दुसरा बूट सोडला. "कालव्यापाशी गेल्यावर लक्षात आलं. मी तुझ्या आईला सांगितलं होतं. चाळीस वर्षं तसंच सांगून निघालो ना. आणि हं आलं म्हणून निघालो."

मी चहा गाळला. त्यांच्या कपात साखर घातली, ढवळली, पुन्हा ढवळली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "बिस्किटं देऊ?" ते नको म्हणाले. त्यांनी चहा घेतला आणि झोपले. मी कप धुतले आणि पुढे ढकललेली मीटिंग घेतली.

त्यानंतर ते न सांगता बाहेर गेले नाहीत. माझ्या खोलीच्या दारात येऊन, मी मान वर करेपर्यंत थांबून सांगायचे.

जूनमध्ये त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं. सरळ रेषांच्या नकाशावर दोन वेगळ्या मार्गांवरची दोन स्टेशनं त्यांनी पेन्सिलने गोल केली होती. त्यांच्यात वीतभर अंतर होतं. एकावरून दुसऱ्यावर जायचं तर मधे दोनदा गाडी बदलावी लागत होती.

"आता इथे बघ." खऱ्या नकाशावर त्याच दोन ठिपक्यांमध्ये त्यांचं बोट मावत नव्हतं.

मी रस्त्याचे फोटो उघडून तपासलं. एका दारातून निघून बेकरीच्या कोपऱ्यावर वळलं की दुसरं दार. पाच-सहा मिनिटं. अशा आणखी सात जोड्या त्यांनी शोधल्या होत्या. एक चुकली होती, मधे रेल्वेचं यार्ड होतं आणि पूल नव्हता. ती त्यांनी स्वतःच खोडली. "क्लोनडॉकिनला शिकलो," म्हणाले.

मी माझ्या मॅनेजरला दोन्ही नकाशे दाखवले. तो कॉर्कचा, शांत माणूस. बराच वेळ बघून तो म्हणाला, खरा नकाशा वाचताच येत नाहीये. बरोबर होतं. मधल्या भागात स्टेशनं मोहरीसारखी एकावर एक पडली होती, नावं लिहायला जागा नव्हती, आणि उपनगरांकडच्या रेघा कागदाबाहेर चालल्या होत्या. शेवटी ठरलं की नकाशा रोजचाच ठेवायचा आणि त्यावर चालत जाण्याजोग्या जोड्या ठिपक्यांच्या रेघेने जोडून मिनिटं लिहायची.

बाबांना सांगताना मला वाटलं, ते चिडतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे खोट्यातच खरं लिहायचं."

"हो, साधारण तसंच."

"चालेल. नावं वाचता यायला हवीत, तेही खरंच आहे. पण खाली लिहा, प्रमाणात नाही म्हणून. आम्ही कच्च्या नकाशावर लिहायचो."

मी तसं सुचवलं. ती ओळ ॲपमध्ये खाली बारीक अक्षरांत आली. बाबांनी फोनवर मोठी करून पाहिली आणि शेजारच्या नायजेरियन आजोबांना गॅलरीतून दाखवली. त्यांना किती कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी अंगठा वर केला.

ऑगस्टमध्ये अडकलेल्यांना नेणाऱ्या खास विमानात त्यांना जागा मिळाली. विमानतळावर जाताना टॅक्सीत आम्ही दोघं मास्क लावून दोन खिडक्यांकडे बसलो. मला आत जायची परवानगी नव्हती. दारापाशी ते म्हणाले, "येतो गं." मी मोठ्याने हो म्हटलं. परतताना मी बसच्या वेळा बघत होते.

डिसेंबरात आईचं वर्षश्राद्ध झालं. मला जाता आलं नाही, विमानं ठरायची आणि रद्द व्हायची. पुण्यात दुपार होती, इथे सकाळ, बाहेर अजून उजाडलं नव्हतं. लॅपटॉपवर गुरुजी मास्क खाली करून मंत्र म्हणत होते. बाबा सोवळं नेसून बसलेले, बारीक झालेले. मधेच चित्र थांबायचं आणि त्यांचा हात हवेत तसाच राहायचा.

सगळं संपल्यावर त्यांनी फोन हातात घेतला. "तू काय केलंयस जेवायला?"

"काही नाही. नंतर बघते."

"कर काहीतरी. आमटी-भात तरी कर."

मी कुकर लावला. डाळ शिजली, फोडणी दिली, आणि तिथे हात थांबला. मी त्यांना पुन्हा फोन लावला.

"बाबा, आई आमटीत चिंच घालायची की आमसूल?"

"आमसूल. चिंच फक्त तुझी आत्या आली की. आमसुलाने दात आंबतात असं आत्या म्हणायची. म्हणून तुझी आई मुद्दाम जास्त चिंच घालायची."

हे मला माहीत नव्हतं. मी हसले. तेही हसले, मग खोकले, मग म्हणाले, "गूळ शेवटी घाल हं, उकळी आली की." आणि आत्या एकदा ताटावरून उठून गेली होती ती सगळी हकीकत त्यांनी सांगायला घेतली. मी फोन स्पीकरवर टाकून ओट्याला टेकवला. माझ्याकडे आमसूल नव्हतं. लिंबू पिळलं. उभ्याउभ्याच खायला लागले, आणि दुसऱ्यांदा भात वाढून घेताना कळलं की मला फार भूक लागली होती.