मोहाखालचा रांजण

सुकरीबाईच्या घरी कधी गेलात तर एवढं ध्यानात ठेवा, आधी पाणी प्यायचं, मग नाव सांगायचं. उलटं केलंत की बाई चिडलीच म्हणून समजा. "नाव काय पळून चाललं? पी आधी!" म्हणत पितळी लोटा हातात कोंबणार, आणि तुमच्या घशाखाली दोन घोट उतरेपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभी राहणार. तुम्ही कोण, कुठले, देव कोणता मानता, हे सगळं त्यानंतर. आणि तेव्हा तर ते विचारायचंही ती बरेचदा विसरून जाते, कारण तोवर तिचं लक्ष चुलीकडे गेलेलं असतं.

एटापल्लीत शिरायच्या आधी, बाजाराच्या रस्त्याला लागूनच तिचं कौलारू घर आहे. दारावर लहानसा लाकडी क्रूस, अंगणात विहीर, रस्त्यापलीकडे मोहाचं मोठं झाड आणि झाडाखाली पाण्याचा रांजण. बाईची पंचाहत्तरी केव्हाच उलटली असावी. नक्की वय तिलाही ठाऊक नाही. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकरी, एवढं मात्र पक्कं. बाप्तिस्म्यात सारा हे नाव मिळालं होतं, पण ते चर्चच्या दप्तरातच राहिलं. नवरासुद्धा तिला सुकरीच म्हणायचा.

नवरा शांतवन आरमोरीकडचा. इथल्या मिशनच्या लहानशा दवाखान्यात कंपाउंडर होता. दवाखाना होता तोवर या घराची ओसरी कधी रिकामी नसे. रोगी आत खाटेवर असायचा आणि त्याचे सोबती सुकरीबाईच्या ओसरीवर. सून बाळंत व्हायची वाट बघणाऱ्या सासवा, शेवटची गाडी चुकलेले मास्तर, तेंदूपत्त्याच्या फडावरचे मुनीम, आणि एकदा तर झाडीपट्टीच्या नाटकातली अख्खी मंडळी, राजाच्या मुकुटासकट. एक पाहुणा चांगला दोन दिवस राहून, जेवूनखाऊन, शांतवनची नवी चप्पल घालून पहाटेच पसार झाला. शांतवन बिचारा अनवाणी दारात उभा. सुकरीबाई म्हणाली, "जाऊ द्या. ऊन तापून राह्यलं, त्याचे पाय तरी भाजनार नाई."

सगळ्या जगाला पाणी पाजलं या बाईनं. एकाला मात्र पाजता आलं नाही, तिच्या सख्ख्या भावाला.

पोचू तिचा थोरला भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्यानंच तिला वाढवलं. नाल्यापलीकडे, जंगलात आत त्यांचं गाव. चौदा-पंधरा वर्षांची सुकरी तापानं फणफणली, पुजाऱ्याचे उपाय हरले, तेव्हा याच पोचूनं तिला पाठुंगळी घेऊन, भर पावसात नाला ओलांडून दवाखान्यात आणून टाकलं होतं. "वाचव," एवढंच तो डॉक्टरीणबाईला म्हणाला. सुकरी वाचली. अशक्त होती म्हणून तिथंच राहिली, मग झाडलोट करू लागली, मग प्रार्थनेला बसू लागली. ज्या देवाच्या घरी आपण वाचलो तो देव आपला, इतका तिचा सरळ हिशेब. पोचू तिच्या बाप्तिस्म्याला काही बोलला नाही. लग्नालाही आला, दोन कोंबड्या आणि मोहाच्या फुलांचं पोतं घेऊन.

बिनसलं ते पुढे, नव्या तांदळावरून.

त्या मुलखात भात कापणीला आला की पंडुम होतो. नवं धान्य आधी देवाला आणि वाडवडिलांना दाखवायचं, मगच माणसांनी तोंडी लावायचं. लग्न झालेल्या बहिणीचा वाटा भाऊ स्वतः पोचवतो. लग्नानंतरच्या पहिल्या पंडुमाला पोचू सागाच्या पानात बांधलेला नव्याचा भात घेऊन आला, ओसरीवर टेकला. सुकरीनं पाण्याचा लोटा त्याच्या हातात दिला. त्यानं पुडी तिच्या हातात दिली. आणि नव्या नव्या विश्वासाच्या भरात, शिकून आलेल्या पोरीच्या तोऱ्यात ती म्हणाली, "दादा, हे देवापुढचं हाये. आता मले चालत नाई."

लोटा पोचूच्या ओठापर्यंत गेला होता. त्यानं तो खाली ठेवला, अगदी हळूच.

"मंग तुह्या घरचं पाणीबी मले चालत नाई," म्हणाला आणि उठून गेला.

संध्याकाळी शांतवन घरी आला तेव्हा पुडी कोंबड्यांनी उकरून टाकली होती आणि बायको चुलीपाशी रडत होती. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "अवं, आपला प्रभू कोनाकोनाच्या घरी जेवला. तू भावाच्या हातचे दोन घास खाल्ली असती तं त्याले का राग आला असता?" सुकरीला ते पटलं, पण पटून काय उपयोग! नाताळ झाल्यावर नवराबायको दोघंही पोचूच्या घरी गेली. त्यांना येताना पाहिलं आणि पोचू कुऱ्हाड खांद्यावर टाकून जंगलात निघून गेला, तो ही दोघं परत फिरेपर्यंत आलाच नाही. पाहुणा दारात आल्यावर घरधन्यानंच निघून जाणं, याहून मोठा अपमान तिकडे नाही. मग सुकरीही पेटली. दोघं एकाच आईची लेकरं. हट्ट त्यांनी अर्धा अर्धा वाटून घेतला नव्हता, दोघांनी पुरता घेतला होता.

पण बाजार कुणाला चुकलाय? दर आठवड्याला पोचू बाजाराला यायचा, आणि जाताना बरोबर सुकरीच्या घरासमोर, मोहाच्या मुळावर, घराकडे पाठ करून बसायचा. बोलायचं नाही, वळायचं नाही. बिडी ओढायची, पाय मोकळे करायचे आणि चालू पडायचं. बाजारापासून त्याच्या गावापर्यंत बसायला झाडं काय कमी होती? पण नाही, याला हेच झाड लागायचं.

पहिल्या उन्हाळ्यातच सुकरीनं झाडाखाली रांजण मांडला. लोकांनी पाणपोई म्हणून वाखाणलं, चर्चच्या पाळकांनी उपदेशात कौतुक केलं. पण रांजण कुणासाठी होता ते तिला आणि शांतवनला माहीत होतं. पाण्यात ती वाळा टाकायची. लहानपणी त्यांच्या घरच्या मडक्यात असायचा तसा. तेव्हा नाल्याकाठचा वाळा खणून आणायचं काम पोचूचंच असे.

बाजाराच्या दिवशी ती दारात तांदूळ निवडत बसायची आणि डोळे त्या पाठीवर. पी रे दादा, एक घोट पी. पण पाठ हलायची नाही. शेवटी चुलीवरचं आधण उकळायचं, तिला उठून आत जावं लागायचं. त्या दिवशी भातात एक माप जास्तीचं पडायचं, पोचूचं. बाहेर येऊन बघावं तर पाठ तशीच, नाहीतर झाड रिकामं. बाजाराच्या माणसांचे शंभर हात त्या रांजणात पडत. त्यातला एक दादाचा होता की नाही, हे कुठल्या देवाला विचारायचं? जास्तीचा भात मग ओसरीवरचा कुणीतरी उपाशी जेवून जायचा आणि बाईला आशीर्वाद देऊन जायचा.

भाऊबीजेला शेजारणी माहेरी निघत. सुकरीबाई त्यांच्या पोरांना सांभाळायची, त्यांच्या कोंबड्या झाकायची. रात्रीच्या प्रार्थनेत मुलगा शिमोन, नवरा, रोगी, पाहुणे अशी सगळी नावं घेऊन झाली की शेवटी हळूच म्हणायची, "अन् माह्या दादाले तहान लागू दे."

वर्षं गेली. दवाखाना बंद पडला, रोगी गडचिरोलीला जाऊ लागले, ओसरी ओस पडली. शांतवन गेला. शिमोन चंद्रपुरात नोकरीला लागला, घर बांधलं, आईला घेऊन गेला. पंधरा दिवसांत बाई परत! "तिथी लोकं येऊ का म्हणून फोनवर इचारते बाप्पा. येनाऱ्यानं इचारलं तं तो पाहुना कायचा?" असं ती सगळ्यांना सांगे, आणि ते खोटं नव्हतं. पण खरी गोष्ट अशी की चंद्रपूरच्या खिडकीतून मोहाचं झाड दिसत नव्हतं. पोचू आता काठी टेकत यायचा, नातवाच्या नाहीतर कुणाच्या गाडीवर मागे बसून यायचा, पण त्या मुळावर टेकायचाच. झाडाखाली ती म्हातारी पाठ आहे तोवर आपलं माहेर आहे, असं सुकरीबाईला वाटे. तेवढंच माहेर तिच्या वाट्याला आलं होतं.

गेल्या पावसाळ्यात पोचू बाजाराला आला नाही. नाल्याला पूर असेल, म्हणाली. पूर ओसरला, तरी आला नाही. दर बाजाराला जास्तीचं माप मात्र पडतच राहिलं.

मग एका सकाळी मोहाच्या मुळावर पोचूचा मुलगा वारलू येऊन बसला, पन्नाशीचा, कानावरचे केस पिकलेला. सुकरीबाई लोटा घेऊन धावलीच. त्यानं हात जोडले.

"आत्या, बाबा जित्ता हाये तोवर नोको."

तिनं लोटा खाली टेकवला. "जित्ता हाये म्हंजे?"

"खाटेवर हाये. अन्न सुटलं. त्यायनं बोलावलं नाई, मीच आलो. येते काय?"

शिमोनला फोन झाला. तो म्हणाला, आई, थांब, मी गाडी घेऊन येतो. "तू ये सावकाश," ती म्हणाली, "इथी थांबाले वेळ नाई." पाळकांना तिनं विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी विचार केला असता. रांजणातलं पाणी बाटलीत भरलं, बाटली पदरात बांधली आणि उभ्या आयुष्यात कधी फटफटीवर न बसलेली ती म्हातारी वारलूच्या कमरेला मिठी मारून बसली. "हळू चालव रे मेल्या, भावाच्या आधी मलेच पोचवशील!"

पोचू अंगणात खाटेवर होता. हाडांचा सांगाडा झालेला, पण डोळे तेच. या खेपेला त्याला उठून जंगलात जाता येण्यासारखं नव्हतं. सुकरीबाई खाटेशी खाली बसली. भाऊबहीण आपसांत गोंडीत बोलत, इथं ते आपल्या बोलीत घेतलंय.

वारलूची बायको मंगली अवघडून पुढे आली. "आत्या, चहा ठेवतो. साखर-पत्ती सारी बाजारातली हाये, चालंन ना तुम्हाले?"

बघा, किती जपून विचारलं त्या पोरीनं! सुकरीबाईनं तिला जवळ बोलावलं.

"तुमचा पंडुम झाला काय?"

"झाला. परवाच."

"मंग चहा कायले? मले नवं दे. माहा वाटा बाकी हाये."

मंगलीनं सासऱ्याकडे पाहिलं. पोचूनं मान हलवली आणि हात पुढे केला. पानावरचा भात त्याच्या तळहातावर ठेवला गेला आणि तो कापरा हात बहिणीसमोर आला. सुकरीबाईनं डोळे मिटले. रोजच्या जेवणाआधी म्हणते तीच प्रार्थना म्हटली, त्याच देवाला, एक शब्द न गाळता. एवढंच तर करायचं होतं. विशीतल्या सुकरीला ते सुचलं नव्हतं.

"झालं का तुह्यं आमेन?" पोचू कुरकुरला. "हात दुखून राह्यला."

तिनं त्याच्या हातावरून भात खाल्ला. नव्या तांदळाचा, चिकट, गोडसर. शिताशितागणिक तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"दादा, लय उशीर केली मी."

"हाव," पोचू म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पानी आनलं काय?"

तिनं पदराची गाठ सोडली. वारलूनं बापाचं डोकं उचलून धरलं. पोचूनं एक घोट घेतला, तोंडात घोळवला, मोठ्या कष्टानं गिळला.

"वाळा टाकते अजून."

सुकरीबाईचा हात थबकला. "तुले कसं माईत?"

पोचू तिच्याकडे बघत राहिला. पोरपणी काही चोरून खाल्लं की बघायचा, अगदी तस्सा.

"झाडाखालचं पानी रस्त्याचं असते. घरचं नाई," तो म्हणाला. "तू भात टाकाले आत गेली का पेत होतो. दर बाजाराले."

सगळे बाजार, सगळे उन्हाळे, दारात बसून त्या पाठीवर लावलेले डोळे, सगळं तिच्यासमोर उभं राहिलं. तो तिच्या आत जाण्याची वाट बघत होता आणि ती दारातून हलत नव्हती. तिनं रागानं खाटेच्या दांडीवर हात आपटला, मग तोच हात भावाच्या कपाळावर ठेवला.

"मेल्या, सांगाचा नाई काय रे! मी आंखी घडीभर आत बसली असती."