चन्नप्पांचं इष्टलिंग

सावित्रम्माच्या घरात कुत्रं हाकलायला कुणी काठी उचललेलीही वडिलांना खपत नसे. जिवाला इजा करायची नाही, ही शरणप्पांची लिंगायत घराला साजेशी शिस्त. त्यामुळे १९७४ साली आजीच्या पत्र्याच्या पेटीत चांदीचं पदक निघालं, आणि त्याच्या कडेवर अज्जांचं, म्हणजे आजोबा चन्नप्पांचं, नाव नि पलटण कोरलेली दिसली, तेव्हा ती चक्रावली. अज्जा तरुणपणी तीन-चार वर्षं परगावी कापडाच्या पेढीवर होते, एवढंच घरात सांगितलं जाई.

शरणप्पांनी पदकाला हात लावला नाही. दुसऱ्या कुणाचं असेल म्हणाले आणि पूजेला बसले.

सावित्रम्मा शाळेत इतिहास शिकवायची, तिला राहवेना. माजी सैनिकांच्या कचेरीत तिने खेटे घातले. तिथल्या कारकुनाने पलटणीला पत्र लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं: भरती १९१६, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, लढाईत हजर. त्याच पलटणीतले कुंडलिक मोडनिंबला राहतात, हेही कारकुनानेच शोधून दिलं. रविवारी तिने एसटी धरली.

ऐंशीला टेकलेले कुंडलिक लिंबाखाली दोर वळत होते. चन्नप्पांचं नाव ऐकताच त्यांचे हात थांबले. अज्जा स्वयंपाकाला असतील, जखमी उचलायला असतील, अशी आशा तिला वाटेभर होती. तिने तसं विचारलं.

"न्हाय पोरी. त्यानं बंदूक चालवली. बाकीच्यांवानीच."

मग ते सावकाश सांगू लागले. कुंडलिक मागे सामानाची खेचरं सांभाळत. गळ्यातलं इष्टलिंग लिंगायताने कधी अंगावेगळं करायचं नसतं, पण मोर्च्यावर जाताना चन्नप्पा ते फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडे ठेवायला देत. संध्याकाळी नदीवर हात धुऊन परत घेत.

"एकदा तीन दिस मागितलंच न्हाय. मी बी इचारलं न्हाय, निस्तं जपलं. चवथ्या दिशी आला, दोनी हात म्होरं केलं, आन् लई रडला."

घरी येऊन तिने काही न लपवता सगळं सांगितलं.

"पूजेआधी अप्पा फार वेळ हात धुवायचे," शरणप्पा म्हणाले. "आम्ही पोरं हसायचो."

पुढच्या रविवारी ते स्वतःच मोडनिंबला गेले आणि कुंडलिकांना जेवायला घेऊन आले. आपल्या शेजारी पाट मांडला, भाकरीवर शेंगाचटणी वाढली, आणि जेवता जेवता विचारलं, "अप्पा घाबरायचे का हो?"

"लई," कुंडलिक म्हणाले. "समदेच घाबरायचो की."

शरणप्पांनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.