सोनिकाचे कप्पे

कळमन्याच्या बाजारातल्या काही अडत्यांच्या दुकानांत मालाच्या विक्रीची पट्टी छापणारं एक सॉफ्टवेअर चालतं. ओपन सोर्स आहे; कोणीही वापरावं, कोणीही दुरुस्त करावं. कोणीही म्हणजे प्रत्यक्षात चार-दोन हौशी माणसं, आणि त्यांच्यात प्रताप नगरची सोनिका गजभिये.

इंजिनिअरिंग संपवून ती आली ती कोड लिहायला. काट्यावरचं वजन आपोआप पट्टीवर उतरावं, एवढा भाग तिला स्वतः लिहायचा होता. नोकरीच्या मुलाखतीत 'हे मी केलं' म्हणून दाखवता येईल असं काहीतरी. पण प्रकल्प सांभाळणारा अश्विन म्हणाला, "पहिले बग ट्रॅकर पाह्य. उकिरडा झाला त्याचा."

खरंच झाला होता. वापरणाऱ्यांच्या साऱ्या तक्रारी तिथे एकाच ढिगात. सोनिकाने कंबर कसली. छपाई, वजन, लिपी असे विभाग पाडले. छपाईच्या पोटात फिकी, तिरकी, अर्धवट. अर्धवटच्या पोटात कागद अडकल्याने, नाव लांब असल्याने. प्रत्येक विभागाला एक जबाबदार माणूस लागे. तिथली तक्रार थेट त्याच्याकडे जाई. कोणी हो म्हणेना, तेव्हा तिने सगळीकडे आपलंच नाव घातलं. तात्पुरतं.

ते तसंच राहिलं. लॅपटॉप उघडावा तर तक्रारी आधीच दारात उभ्या. वजनाचा कोड अर्धा लिहून पडलेला. आपणच लिहिलेलं तिला आता पुन्हा वाचून समजून घ्यावं लागे.

रामदासपेठेत चहा पिताना ती अश्विनला म्हणाली, "मले यातून काढ गा. दुसऱ्या कोणाले दे."

"कोणाले देऊ? मीच परवा तक्रार टाकाले गेलो, तर तुह्या कप्प्यांत हरवलो. तू हायेस म्हणून चालू हाय."

"म्हणजे मी कोड लिहूच नको?"

"लिही ना! हे आटपलं का लिही."

"हे कधी आटपते का?"

अश्विन हसला आणि त्याने आणखी एक चहा सांगितला.

घरी येईस्तोवर तिला कळून चुकलं होतं. कप्पे इतके बारीक, की तिच्याशिवाय ते कोणाला उघडणारच नव्हते. तिने सगळे तीनच विभागांत मिसळायला घेतले. 'हे परत वेगळे करता येणार नाहीत,' ट्रॅकरने बजावलं. हात अडला. एवढी सुबक मांडणी तिने आयुष्यात दुसरी केली नव्हती. मग दाबलं बटण. जबाबदार माणसाची चौकट रिकामी सोडून पाहिली, तर ती लाल झाली. तिने तिन्हींत अश्विनचं नाव लिहिलं.

लगेच त्याचा मेसेज आला. "हे काय करून राहिली वं?"

"वजनाचं काम करून राहिली," तिने कळवलं आणि कोड उघडला.

पहिली ओळ लिहिते तोच फोन वाजला. कळमन्याचे अडते चंपतराव.

"सोनिका बेटा, पट्टी अर्धीच निघून राहिली. काहून असं?"

'आता ते अश्विन पाहतो,' हे वाक्य तिने घोकून ठेवलं होतं.

"काका, शेतकऱ्याचं नाव लांब आहे का?"

"वा! तुले न पाहता समजते!"

तिने डोळे मिटले. समोर कोडच्या अर्ध्या ओळीपाशी कर्सर लुकलुकत होता.

"नाव दोन ओळींत टाका काका," ती म्हणाली. "टाका तुम्ही. मी आहे फोनवर."